वाचकांचे प्रश्न : नव्या फ्लॅटच्या कर्जाला बँक कुठे हात आखडते?

प्रश्न : बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आम्ही ९५ लाखांचा फ्लॅट पसंत केला आहे. बिल्डरच्या कार्यालयात '९० टक्के कर्ज सहज होतं' असं सांगितलं. बँक मात्र ७२ लाखांच्या वर जायला तयार नाही. पगार पुरेसा आहे, आधीचं कर्ज नाही. मग अडतंय कुठे?

उत्तर : ९० टक्क्यांची मर्यादा खरी आहे, पण ती तुमच्या फ्लॅटला लागू नाही. रिझर्व्ह बँकेने घरकर्जासाठी तीन टप्पे ठरवून दिले आहेत. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के. टप्पा कर्जाच्या रकमेवरून ठरतो, फ्लॅटच्या किमतीवरून नाही, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. ९५ लाखांचे ८० टक्के ७६ लाख होतात. ही रक्कम मागितली की तिसरा टप्पा लागतो आणि तिथे ७१.२५ लाखच बसतात. अर्ज नेमका ७५ लाखांचा केला तर मात्र तो ८० टक्क्यांच्या टप्प्यात राहतो. ९३.७५ लाख ते १ कोटी यांमधल्या कोणत्याही किमतीला कमाल कर्ज ७५ लाखच. तसंच ३३.३३ ते ३७.५० लाखांच्या घराला ३० लाखांच्या वर काही मिळत नाही.

तुमचे ७२ लाख बहुधा मूल्यांकनातून आले असावेत. करारातली किंमत आणि व्हॅल्युअरने काढलेली किंमत यांतली जी कमी, ती बँक धरते. व्हॅल्युअरने ९० लाख लावले असतील तर ८० टक्के म्हणजे बरोबर ७२ लाख. नव्या इमारतीत ही तफावत वारंवार दिसते. बिल्डरच्या दरात मजल्याप्रमाणे वाढणारा आकार, क्लबहाऊस, मॉड्युलर किचन असं बरंच काही मिसळलेलं असतं. व्हॅल्युअर चटईक्षेत्र आणि आसपास नोंदणी झालेले व्यवहार पाहतो. चटईक्षेत्र चुकीचं घेतलं आहे का, करारातलं बंदिस्त पार्किंग धरलं आहे का, हे बँकेत विचारा. चूक सापडली तर फेरमूल्यांकन मागता येतं. चूक नसेल, तर ते पाच लाख बिल्डरशी घासाघीस करताना वापरा. त्यासाठी याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

आता हातात किती पैसे लागतील ते पाहा. पूर्ण ७५ लाख मिळाले तरी स्वतःचे २० लाख. मुद्रांक शुल्क महापालिकेप्रमाणे बदलतं. ६ टक्के धरलं तर ५.७० लाख. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४.७५ लाख. एकूण ३०.७५ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. सूट फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना. म्हणून हे पैसे खिशातूनच जातात. जीएसटीचं काय करणार, ते बँकेकडून लेखी घ्या.

फ्लॅट ५० लाखांचा किंवा त्याहून महाग असल्याने बिल्डरला द्यायच्या प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून सरकारकडे भरणं ही तुमची, खरेदीदाराची, जबाबदारी आहे. बँकेने बिल्डरला मागणीची पूर्ण रक्कम पाठवली की टीडीएस वेगळा भरावा लागतो आणि बिल्डरकडून परत मागत बसावं लागतं. मागणीपत्र बँकेत देतानाच टीडीएस वजा करून रक्कम कळवा.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, २० टक्के आत्ता भरा, उरलेलं बँक एकरकमी देईल आणि ताबा मिळेपर्यंत हप्ते आम्ही भरू. घ्यावं का?

उत्तर : नको. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने हप्ते थांबवले की बँक तुमच्याकडे येते, आणि तोवर बहुतेक सगळे पैसे बिल्डरकडे गेलेले असतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं की अपूर्ण बांधकामावर एकरकमी कर्ज देऊ नये, रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी बांधलेली असावी. घरकर्ज कंपन्यांनाही नॅशनल हाऊसिंग बँकेने जुलै २०१९ मध्ये अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं.

महाराष्ट्रात रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, नमुना करारात टप्पे दिलेले आहेत (आकडे तोवरच्या एकूण रकमेचे) : करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर (इमारत वापरायला दिलेल्या परवानगीनंतर) ताबा घेताना. तुमचा करार याच्याशी ताडून पाहा. मागणी कामाच्या पुढे धावत असेल तर बँकेचा अभियंता प्रत्यक्ष काम पाहून तेवढेच पैसे सोडतो. उरलेला फरक तुमच्या माथी येतो, शिवाय उशिरासाठी बिल्डर व्याज लावू शकतो. नियमाप्रमाणे ते स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जासाठीच्या आधार-व्याजदरापेक्षा) २ टक्के जास्त.

प्रश्न : आमचा पगार, सिबिल सगळं चांगलं, तरी बँक म्हणते 'हा प्रकल्प आम्ही घेत नाही.' टोकन भरून झालं आहे.

उत्तर : कारण लेखी मागा. नुसत्या 'यादीत नाही' या उत्तराचं काही करता येत नाही. नेहमीची कारणं अशी. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र ठराविक मजल्यापर्यंतच असतं. तुमचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आणि परवानगी आठव्यापर्यंत असेल तर बँक थांबतेच, आणि तिने थांबावं हेच योग्य. दुसरं, बिल्डरने जमीन किंवा प्रकल्प दुसऱ्या संस्थेकडे गहाण ठेवलेला असतो. अशा वेळी त्या संस्थेचं तुमच्या फ्लॅट क्रमांकापुरतं ना हरकत पत्र लागतं, आणि त्या पत्रात सांगितलेल्या खात्यातच पैसे जायला हवेत. दुसऱ्या खात्यात भरलेले पैसे ती संस्था मोजेलच असं नाही. तिसरं, एकाच इमारतीत किती कर्ज द्यायचं याची बँकेची स्वतःची मर्यादा भरलेली असते. यात तुमचा किंवा इमारतीचा दोष नसतो. दुसरी बँक सहज देऊ शकते.

पहिल्या दोन बाबी महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर तपासा. बोजा आणि मंजुऱ्या तिथे जाहीर कराव्या लागतात. दोन-तीन बँका कागद पाहून नकार देत असतील तर फ्लॅट सोडा.

टोकनबद्दल : रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत कराराशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रात (अलॉटमेंट लेटरमध्ये) पहिल्या १५ दिवसांत रद्द केल्यास कपात नाही, पुढे दिवसांप्रमाणे ती वाढते. तेव्हा पत्रावरची तारीख आजच पाहा. पत्र अजून हातात नसेल तर 'कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत' असं लिहून घेतल्याशिवाय पुढचा रुपया देऊ नका.

प्रश्न : भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट घेतला तर बँकेची मर्यादा वाढते का?

उत्तर : टक्केवारी तीच राहते. मात्र पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रानंतर घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, पैसे टप्प्यांत अडकत नाहीत आणि घरभाडं व कर्जाचं व्याज एकाच वेळी भरावं लागत नाही. दर चौरस फुटाला थोडा जास्त असला तरी हा सगळा हिशेब मांडूनच तुलना करा. फक्त प्रमाणपत्र तुमच्या विंगचं आणि तुमच्या मजल्याचं आहे ना, हे पाहून घ्या. अंशतः दिलेली प्रमाणपत्रंही असतात.