नाव कानावर पडते तेव्हा

प्रिय बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र गुरुवारी मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. पुण्याच्या वसतिगृहातील मैत्रिणींबरोबर तू एक गाजलेला इंग्रजी विनोदी चित्रपट पाहायला गेलीस, त्यात प्रभूचे नाव वैतागाचा उद्गार म्हणून पुन्हा पुन्हा येत राहिले, सगळ्यांबरोबर तूही हसलीस, आणि त्या रात्री रोझरीची जपमाळ म्हणताना ‘येशू’ या शब्दापाशी आल्यावर त्या नटाचा आवाज तुझ्या कानात वाजला, असे तू लिहिले आहेस. कॅथलिक माणसाने असे चित्रपट पाहावेत का, आणि झाले ते कुमसारात, म्हणजे फादरांजवळ पापाची कबुली देताना, सांगावे का, असे तुझे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, म्हणजे तुझ्या मनावरचे ओझे थोडे हलके होईल.

कानावर पडलेला शब्द ऐकणे हे पाप नव्हे. गंभीर पापासाठी विषय गंभीर असावा लागतो, आपल्याला त्याची पुरती जाणीव असावी लागते आणि आपण त्याला मनापासून संमती द्यावी लागते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो आहोत. घोळक्यात बसल्यावर जे हसू फुटते ते बहुधा प्रसंगाला असते, नावाला नसते. तरीही पुढच्या वेळी कुमसाराला जाशील तेव्हा फादरांना हे अवश्य सांग. ते त्याचा बाऊ करणार नाहीत आणि ते उडवूनही लावणार नाहीत. प्रार्थनेच्या मध्यभागी तो आवाज परत आला, ही गोष्ट मला तुझ्या हसण्यापेक्षा महत्त्वाची वाटते आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तिथूनच शोधणार आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. ‘वाईट भाषा’ या एका नावाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. रस्त्यावरची अश्लील शिवी कितीही घाण असली तरी तिच्यात देवाचे नाव नसते; ती सभ्यतेचा आणि शुचितेचा प्रश्न आहे. देवाचे नाव अर्थ न समजता, आदर न ठेवता, सवयीने तोंडातून टाकणे ही दुसरी गोष्ट, आणि जाणूनबुजून देवाची निंदा करणे ही तिसरी. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, श्रद्धाग्रंथात ‘देवाचे नाव व्यर्थ घेऊ नकोस’ या दुसऱ्या आज्ञेचे विवेचन आहे, आणि तिथेही ही तफावत स्पष्ट केली आहे: देवनिंदा स्वभावतःच गंभीर पाप आहे, तर निंदेचा हेतू नसताना नाव घालून केलेला उद्गार हा प्रभूविषयीच्या आदराचा अभाव आहे. अमेरिकेतील कॅथलिक चित्रपट-परीक्षणेसुद्धा देवाच्या नावाचा गैरवापर आणि साधी असभ्य भाषा यांची नोंद वेगवेगळी करतात, आणि प्रौढांसाठी, मर्यादित प्रौढांसाठी, नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह अशी वर्गवारी देतात. आपल्याकडच्या सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून वयाची अट समजते. नाव किती वेळा आणि कशासाठी घेतले आहे ते त्यातून समजत नाही. ओटीटीवर तर ते प्रमाणपत्रही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि त्यासाठी तुला आपल्या वसईतल्याच एका तालमीला नेतो. फार वर्षांपूर्वी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आमच्या गावच्या तरुणांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसवले होते. प्रभूपुढे गुडघे टेकून ‘यहुद्यांच्या राजा, तुझा जयजयकार असो’ असे कुत्सितपणे म्हणणाऱ्या शिपायाची भूमिका एका केळीच्या बागायतदाराच्या मुलाला दिली होती. तालमीत तो ते वाक्य जेवढे हळू म्हणता येईल तेवढे हळू म्हणे आणि म्हणून झाले की खाली पाही. दिग्दर्शन करणाऱ्या फादरांनी त्याला बाजूला घेतले आणि सांगितले, की तू हे वाक्य पुरते म्हटले नाहीस, तर आपण त्या दिवशी प्रभूचे काय केले ते लोकांना दिसणारच नाही. गुड फ्रायडेला त्याने ते असे म्हटले की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. पडद्यामागे आल्यावर तो स्वतः रडत होता. त्याच्या हातातला पुठ्ठ्याचा भाला मीच काढून घेतला.

त्या मुलाने देवनिंदा केली का? शब्द तर निंदेचेच होते. तसे पाहिले तर ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो तेव्हा ‘त्याला क्रुसावर खिळा’ हे वाक्य आपण सगळी भाविक मंडळीच म्हणतो. बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात त्याची बायको त्याला देवाला शाप देऊन मरून जा असे सांगते, आणि ते वाक्य पवित्र शास्त्रातच आहे. या सगळ्या ठिकाणी गोष्टीला स्वतःला ठाऊक आहे की इथे काय उच्चारले गेले. शब्द जड आहे, आणि तो जड आहे हे आपल्याला कळावे अशाच रीतीने तो उच्चारला आहे. म्हणून एखाद्या गंभीर चित्रपटात मूल गमावलेला बाप आभाळाकडे पाहून देवावर ओरडला, तर मी तुला उठून जायला सांगणार नाही. त्या ओरडण्यात निदान समोर कोणीतरी आहे असे धरलेले असते, आणि स्तोत्रकर्त्यांनीही देवाकडे अशा तक्रारी केल्या आहेत.

मला भीती आहे ती दुसऱ्या प्रकाराची. पाव करपला, गाडी चुकली, कपातला चहा सांडला, की पात्राच्या तोंडून प्रभूचे नाव बाहेर पडते. लेखकाला तिथे शब्द सुचला नाही म्हणून ते नाव आले, नटाने ते सवयीने म्हटले आणि प्रेक्षकांच्या कानावरून ते घरंगळून गेले. त्यात राग नाही, शोध नाही, दुःखही नाही. त्या गोष्टीला आपण काय उच्चारले याचा पत्ताच नाही. अकराव्या पायस पोप महोदयांनी १९३६ साली चित्रपटांविषयी एक परिपत्रक काढले, त्यात त्यांनी एक फार बारीक निरीक्षण नोंदवले आहे: चित्रपट पाहणारा माणूस अंधारात बसलेला असतो आणि त्याच्या शरीराच्या, मनाच्या व अनेकदा आत्म्याच्याही शक्ती त्या वेळी सैलावलेल्या असतात. भयंकर देवनिंदा ऐकली तर त्या सैलावलेल्या अवस्थेतही तू दचकून सावध होशील. पण भरतीचा शब्द म्हणून दोन तासांत 25 वेळा आलेले नाव तुला जागे करत नाही. ते तसेच आत जाऊन बसते आणि रात्री रोझरीच्या मण्यापाशी वर येते.

तू लिहिले आहेस, की तो शब्द इंग्रजी आहे, आपण ‘येशू’ म्हणतो, त्यामुळे तेव्हा तो तुला लागला नाही. हे मला अगदी पटते. परक्या भाषेतली शिवी जशी बोचत नाही, तसाच परक्या भाषेतला अनादरही बोचत नाही, आणि हिंदी डबिंगमध्ये तर त्याचे बहुतेकदा ‘हे भगवान’ होऊन जाते. पण आपल्या मुलांच्या बोलण्याकडे लक्ष दे. वसईच्या बसस्टॉपवर उभी असलेली आपली मुले आता प्रत्येक वाक्याआधी ‘ओ माय गॉड’ म्हणतात, आणि ठेच लागली की जे नाव घेतात ते त्यांनी चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत ऐकलेले नसते, पडद्यावर ऐकलेले असते. माझी आजी दादरच्या बाजारासाठी पहाटे मोगरा खुडताना प्रार्थना पुटपुटायची, आणि येशूचे नाव आले की हातातली कळी तशीच धरून मान किंचित लववायची. १२७४ साली ल्यॉनच्या धर्मपरिषदेने येशूचे नाव उच्चारले जाताच मस्तक लववावे असे सांगितले होते, हे तिला कुणी सांगितले असणे शक्य नाही. ती सवय तिला तिच्या आईकडून मिळाली होती. सवय अशीच एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते, आदराचीही आणि अनादराचीही.

यावर कुणी म्हणेल, की मग यादी करून बंदी घालावी. ख्रिस्तसभेने तेही करून पाहिले आहे. हॉलिवूडची १९३० सालची आचारसंहिता लिहिण्यात एका जेझुइट (येशूसंघाच्या) धर्मगुरूंचा हात होता, आणि देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द आदराने वापरलेले नसतील तर ते वापरू नयेत असा नियमच तिच्यात होता. १९३४ पासून ती संहिता काटेकोरपणे लागू झाली, कारण त्याच सुमारास अमेरिकेतील लाखो कॅथलिकांनी अनुचित चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली होती. १९६८ मध्ये ती संहिता संपली. त्या काळातल्या लोकांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. तिकीट न काढण्याची ताकद त्यांनी दाखवून दिली. पण यादीमुळे निर्णय कार्यालयाकडे जातो आणि प्रेक्षकाची विवेकबुद्धी निजून राहते. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांवरील आपल्या दस्तऐवजात निवडीची जबाबदारी वाचकावर आणि प्रेक्षकावरही ठेवली. पुढे सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची एक यादी काढली. त्या यादीत प्रभूच्या जीवनावरचा एक चित्रपट असा आहे, की त्याचा इटालियन दिग्दर्शक स्वतः नास्तिक आणि मार्क्सवादी होता. देवाला न मानणाऱ्या माणसाने त्या नावाला त्याचे वजन दिले, आणि व्हॅटिकनने ते ओळखले.

तिकिटाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण तुझ्या पत्रात तो नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात नटांचा प्रश्न विचारात घेतला होता. माणसाला विरंगुळ्याची गरज आहे, म्हणून करमणूक करणाऱ्याचा व्यवसाय मुळात पाप नाही, असे ते म्हणतात. मात्र त्याने करमणुकीसाठी अनुचित शब्द किंवा कृत्ये वापरू नयेत. त्यापुढे ते असेही म्हणतात, की अनुचित करमणूक करणाऱ्याला जो पोसतो तो त्याला त्या पापात उत्तेजन देतो. तुझ्या दोन-तीनशे रुपयांनी तो निर्माता काही पोसला गेला नसेल, आणि एका चुकलेल्या तिकिटाची मोजदाद करत बसावे असे मी म्हणत नाही. पण ज्या चित्रपटाची सगळी गंमत ख्रिस्तप्रसादाची (मिस्सेतल्या पवित्र भाकरीची) किंवा प्रभूच्या नावाची टवाळी करण्यावरच उभी आहे आणि जाहिरातीतच ते दिसते आहे, त्याला पैसे देऊन जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे नटाने काय केले हा प्रश्न उरत नाही. तिथे तू काय विकत घेतलेस हा प्रश्न असतो.

बाकीच्या चित्रपटांबद्दल मी तुला असे सुचवीन. जाण्यापूर्वी परीक्षण वाच आणि त्या गोष्टीत नाव कशासाठी येते ते पाहा. गोष्ट मोलाची असेल, माणसाचे दुःख, पाप आणि क्षमा तिच्यात खरेपणाने आली असेल, तर दोन-चार अनुचित उद्गारांपायी ती टाकून देऊ नकोस. गोष्ट पोकळ असेल आणि नाव केवळ भरतीला असेल, तर त्या दोन तासांत तुला गमावण्यासारखे काही नाही, हे मैत्रिणींना शांतपणे सांग. त्यांना उपदेश करू नकोस. त्यांच्यातली एखादी आळंदी-पंढरीच्या वारकऱ्यांच्या घरातली असेल, तर नामाची थट्टा म्हणजे काय हे तिला तुझ्यापेक्षा आधी समजेल. ज्या भाषेत नामस्मरण हा शब्द घरोघरी आहे, त्याच भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या प्रभूचे नाव ओवीत गुंफले आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले, हेही तिला सांग. आणि स्वतःच्या जिभेवर लक्ष ठेव. एखादा चित्रपट पाहून आठवडाभर तुझ्या तोंडात तो उद्गार आला, तर तो चित्रपट इतरांसाठी कसाही असो, तुझ्यासाठी तो पापाकडे नेणारा प्रसंग ठरला असे समज.

राहिला तो आवाज. तो पुन्हा आला तर काय करावे, हेही तुझ्या मनात असेल. चर्चमध्ये साक्रामेंताच्या, म्हणजे वेदीवर मांडलेल्या ख्रिस्तप्रसादाच्या, आशीर्वादानंतर आपण ‘देवाची स्तुती असो, त्याच्या पवित्र नामाची स्तुती असो’ अशा ओळींची जी स्तुती म्हणतो, ती तुला पाठ आहे. लुईजी फेलिची नावाच्या एका जेझुइट धर्मगुरूंनी १७९७ साली ती रचली ती नेमकी याचसाठी, की देवनिंदेचा शब्द तोंडून निघाला किंवा कानावर पडला तर माणसाने लगेच ती म्हणावी. चित्रपटगृहात ती ओठ न हलवता म्हणता येते. शेजारच्या मैत्रिणीला कळणारही नाही. रोझरीत तो आवाज आला तर त्याच्याशी झगडू नकोस, त्या मण्यावर थांब, स्तुतीच्या पहिल्या दोन ओळी म्हण आणि मग ‘येशू’ हा शब्द पुन्हा, सावकाश उच्चार.

येशूच्या पवित्र नामाचा सण ३ जानेवारीला येतो. नाताळच्या सुट्टीत तू घरी असशीलच. त्या सकाळी मिस्सेला ये, नंतर आमच्या अंगणात चहा घेऊ आणि तोवर तू कोणते चित्रपट पाहिलेस ते मला सविस्तर सांग. एखादा मोलाचा निघाला असेल तर मलाही पाहायचा आहे.

तुझे
सर