मामा तलावातली बुडी आणि न्यूझीलंडचा समुद्र

प्रश्न: नमस्कार भाऊ. आम्ही साकोली तालुक्यातले, धानाची शेती आहे. माझा साळा न्यूझीलंडात ऑकलंडजवळ राहते, लय दिवसांपासून बोलावून राहिला, तर यंदा धानाचं चुरणं झालं की जानेवारीत मी आणि माझे दोन पोट्टे (२१ आणि १७ वर्षांचे) जाऊन राहिलो. साळा तिथं समुद्रात बुडी मारून भाल्याच्या बंदुकीनं मासे मारते, स्पिअरफिशिंग म्हणतात त्याला. पोट्टे आतापासूनच गावच्या मामा तलावात (जुना मालगुजारी तलाव) प्रॅक्टिस करून राहिले, दहा-बारा श्वास फटाफट घेतात आणि बुडी मारतात, धाकटा दोन मिनिटं खाली राहते. मी पण लहानपणी काठावरून भाल्यानं मरळ मारली आहे. लायसन्स लागते का, सामान इथून न्यावं का, आणि बायको विचारते की मसाला नेता येईल का?

उत्तर: काका, बापलेक तिघं मिळून चालले हे वाचूनच मस्त वाटलं. पण लायसन्स नंतर, आधी ते फटाफट श्वास. ते आजपासून बंद करा, आज म्हणजे आजच, तलावात सुद्धा नाही.

याचं कारण असं की पाण्याखाली आपल्याला "आता वर जा" असं जे वाटतं ना, ते ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही वाटत, शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून वाटतं. फटाफट श्वास घेतले की तो कार्बन डायऑक्साइड आधीच निघून जातो, ऑक्सिजन मात्र काही फारसा वाढत नाही. म्हणजे पोराला वाटतं दम वाढला, खरं तर घंटीच बंद झाली. आणि समुद्रात भानगड अजून वाढते. १० मीटरवर दाब दुप्पट असतो, त्या दाबानं उरलासुरला ऑक्सिजन रक्तात जात राहतो म्हणून खाली बरं वाटतं, आणि वर येताना दाब उतरला की एकदम शुद्ध जाते. बहुतेक वेळा शेवटच्या काही मीटरमध्ये, कधी तर डोकं बाहेर आल्यावर.

हे मी पाहिलं आहे. लहानपणी आम्ही विहिरीत तळाचा गाळ मुठीत आणायची शर्यत लावायचो, एकदा एक पोरगा वर आला, मूठ वर करून गाळ दाखवला, हसला, आणि तसाच परत खाली गेला. हात मारले नाही, ओरडला नाही, आम्हाला वाटलं दुसरी बुडी मारली. त्याचा मोठा भाऊ पाण्यातच होता, त्यानं केस धरून ओढला म्हणून वाचला. ती गाळाची मूठ उघडली नव्हती तेव्हाही.

म्हणून तुमच्या तिघांचा नियम एकच, एक खाली तर बाकीचे वर, आणि वरचे मासे नाही पाहणार, खालच्याला पाहणार. तो वर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हटवायची नाही. जितका वेळ खाली तितक्याच्या निदान दुप्पट वेळ वर आराम, मग पुढची बुडी. शुद्ध गेलीच तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, नाव घेऊन हाक मारायची, श्वास नाही आला तर तोंडानं श्वास द्यायचा. हे साळ्याकडून किंवा तिथल्या फ्रीडायव्हिंग (एका श्वासावर बुडी मारणं) शिकवणाऱ्याकडून आधी हातानं करून शिका, एक दिवस त्यात गेला तरी चालेल. दोन भावांत कोण जास्त वेळ राहतो ही स्पर्धा तुम्ही बाप म्हणून बंद करायची, पोरं दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत. आणि तुमचं स्वतःचं बीपी, छाती डॉक्टरला दाखवून घ्या. ५-६ मीटरच्या खाली जायची काही गरज नाही, तेवढ्यातही मासे असतात.

कानाचं पण आहे. पहिल्या मीटरपासूनच नाक दाबून हळू फुंकायचं, दुखलं की परत वर, जोर लावायचा नाही, सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नाही. पोहण्याचा साधा गॉगल दाबानं डोळ्यांवर बसतो आणि त्यात नाकानं हवा सोडता येत नाही, म्हणून नाक आत येईल असा मास्क लागतो.

आता तुमची मरळ. काठावरून पाण्यातला मासा असतो त्याहून वर दिसतो, म्हणून आपण दिसतो त्याच्या खाली भाला मारतो, ते तुमच्या हातात बसलेलं असेल. मास्क लावून पाण्याखाली ती सवय सोडा, तिथं नेम सरळ धरायचा. पण मासा जवळ दिसतो आणि साधारण तिसऱ्या हिश्श्यानं मोठा दिसतो. ऑकलंडच्या बाजूला स्नॅपर नावाचा मासा निदान ३० सेंटिमीटरचा पाहिजे आणि एका माणसाला दिवसाला ७, तर २३ चा मासा तुम्हाला ३० चा वाटेल. गळाला लागलेला लहान मासा सोडता येतो, भाला लागलेला सोडून उपयोग नाही. शंका आली की मारू नका. हे आकडे बदलतात, तिथल्या मत्स्य खात्याचं मोबाईल ॲप आहे, निघायच्या दिवशी पाहून घ्या.

समुद्रातल्या मासेमारीला तिथं हौशी माणसाला लायसन्स लागत नाही, मासे विकता मात्र येत नाहीत. राखीव भागात तर काहीच मारता येत नाही. ऑकलंडच्या उत्तरेला गोट आयलंड आहे, १९७५ पासून राखीव, पहिला दिवस बंदूक घरी ठेवून तिथंच जा असं मी म्हणीन. कोणी मारत नाही म्हणून मोठे स्नॅपर माणसाच्या अगदी जवळ फिरतात, पोरांना मासा कसा वळतो ते कळेल आणि पाण्याची ओळख होईल.

सामान इथून काही नेऊ नका, साळ्याचं वापरा. जानेवारीत तिथं उन्हाळा असतो तरी पाणी २०-२२ डिग्री, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) लागेलच, तो तरंगवतो म्हणून कमरेला वजनाचा पट्टा, एका हातानं झटक्यात सुटणारा. बंदूक पाण्यात उतरल्यावरच ताणायची, बाहेर निघायच्या आधी उतरवायची, माणसाकडे तोंड कधीच नाही. वर डायव्हिंगचा झेंडा लागलेला पाहिजे, त्याच्या २०० मीटरच्या आत बोटींना ५ नॉटच्या (ताशी साधारण ९ किलोमीटर) वर जाता येत नाही.

वहिनींना सांगा, मसाला दुकानातला पॅकबंद घ्या, सुटा कुटलेला नको, आणि विमानतळाच्या फॉर्मवर लिहाच. खायची वस्तू लपवली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. लिहून दाखवलं की जास्तीत जास्त काढून घेतील, दंड नाही. रस्सा स्नॅपरचा चांगला होतो, मांस घट्ट असतं, फक्त मरळीएवढं शिजवू नका.