जीव जडला, पण कुणाचा?

कोल्हापुरात कला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. शाहू स्मारकात फोटोंचं प्रदर्शन लावायचंय, त्यातल्या दोन फोटोंखाली काय लिहावं यावर घोडं अडलंय. एका फोटोत डोक्यावर जग (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) घेतलेला, साडी नेसलेला जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष आहे. दुसऱ्यात जुन्या नाटक कंपनीतला, नायिकेच्या वेषातला नट. दोघांना 'समलिंगी' म्हणू का 'क्वीअर' (ओढ किंवा लिंगभाव ठरीव चौकटीत न बसणाऱ्यांसाठीचा इंग्रजी शब्द), असं ती विचारते. शिवाय पुरुषावर जीव असलेल्या पुरुषाला किंवा बाईवर जीव असलेल्या बाईला जुन्या मराठीत एकही सभ्य शब्द नव्हता का, हेही तिला हवंय.

दुसरा प्रश्न आधी घेतो. सभ्य नाम नव्हतं, मला तरी सापडलेलं नाही. नाच्या, मावशी, स्त्रीपार्टी (नाटकात बाईची भूमिका करणारा पुरुष), जोगता हे शब्द माणूस काय करतो ते सांगतात. बायल्या, षंढ या शिव्या. त्या चालण्याबोलण्यावर नाहीतर 'मर्दपणा'वर. त्याची ओढ कुणाकडे आहे, हे यातला एकही शब्द सांगत नाही. संस्कृतात 'तृतीया प्रकृति' आहे, पण अमरकोश त्याला षंढ, क्लीब यांच्याच रांगेत बसवतो. कामसूत्र जरा बारकाईनं बघतं. त्यात तिचे दोन प्रकार आहेत, स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी. पुरुषरूपिणी ती 'प्रच्छन्नकामा', म्हणजे इच्छा लपवणारी, अंग रगडून देण्याच्या कामावर पोट भरणारी. (तालमींच्या गावात मालिशचं नाव काढलं की लोक गालात हसतात, ते सोडून द्या.) 'तृतीया प्रकृति' हा शब्द काही मराठीच्या तोंडात रुळला नाही.

नाम नव्हतं म्हणून ओढ सांगायची सोय नव्हती, असं मात्र नाही. ती सोय क्रियापदांत होती, आणि मला खरी गंमत तिथं वाटते. 'मी त्याच्यावर प्रेम करतो' किंवा 'करते' म्हटलं की बोलणारा बाप्या आहे का बाई, हे तिथल्या तिथं उघडं पडतं. आता आपले नेहमीचे प्रयोग घ्या. 'माझा त्याच्यावर जीव जडला.' जडला कोण? जीव. तो पुल्लिंगीच, मग तो कुणाचाही असो. 'माझं मन बसलं', 'मला त्याची ओढ लागली', 'मला त्याचा नाद लागला', 'त्याच्यासाठी जीव तुटतो'. 'मला तो आवडतो' यातसुद्धा क्रियापद 'तो'च्या मागं जातं, 'मला' कोण आहे याची चौकशी करत नाही. मराठीच्या जुन्या वळणात ओढ ही माणूस करत नाही, ती त्याला लागते. आणि जिला लागते किंवा ज्याला लागते, त्याचं लिंग वाक्यात यायची गरजच पडत नाही.

ज्ञानेश्वरांची विरहिणी या नजरेनं वाचून बघा. 'घनु वाजे घुणघुणा'मध्ये बोलणारी विरहानं पोळलेली बाई आहे हे कशावरून कळतं? 'चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी' यातल्या चोळीवरून, आणि मैत्रिणीला घातलेल्या 'वो' या हाकेवरून. बोलणारीचं स्वतःचं क्रियापद काही सांगत नाही, आणि शेवटी नाममुद्रा 'बापरखुमादेवीवरु'ची, म्हणजे ज्ञानेश्वरांचीच. यावरून ज्ञानेश्वरांना आजचं कुठलं लेबल लावणं चूकच. भक्तीत विरहिणी होणं ही रीतच होती. पण पुरुषानं बाईच्या जिवानं बोलावं आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटू नये, एवढी जागा या भाषेत होती. पुढं शाहिरांच्या लावण्यांतही तेच. लिहिणारा पुरुष, आणि 'सख्या' म्हणून झुरणारी बाई.

बायकांच्या बाजूनं बोलायचं तर जात्यावरच्या ओव्यांत 'गडणी', म्हणजे मैत्रीण, आहे. गडणीवर ओव्यांमागून ओव्या आहेत, आणि कुठल्या ओवीत मैत्री संपून आणखी काही सुरू होतं, याची रेघ ओढायला आपण कोण? विजय तेंडुलकरांनी १९८१च्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात नेमका हा धूसरपणा नावातच पकडलाय. मित्रा हे बाईवर प्रेम करणाऱ्या नायिकेचं नाव. पण सामान्यरूपात 'मित्राची' म्हटलं की ती मित्रा आहे का कुणी मित्र, ऐकणाऱ्याला कळू नये.

आता फोटो. जोगता हा आधी देवीचा. लहानपणी डोक्यात जट निघाली, आजारपणात आईबापांनी नवस बोलला, अशी कारणं कुणीही सांगेल. एकदा का गळ्यात दर्शन (देवीच्या नावाची मण्यांची माळ) पडलं की साडी, परडी, कवड्यांची माळ, चौंडक्याच्या तालावर 'उदं गं आई उदं'. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला सौंदत्तीत रेणुका विधवा होते, तेव्हा जोगतिणींबरोबर जोगतेही बांगड्या फोडतात. त्यांच्यातल्या काहींची ओढ पुरुषांकडे असते, काहींची नसते. ते आपापसांत 'कोती' (बायकी वळणाचा पुरुष) वगैरे शब्द वापरतात, पण तो त्यांचा घरातला शब्द. बाहेरच्यानं फोटोखाली लिहू नये. आमच्याकडच्या म्हाताऱ्या तर एका दमात 'जोगता आला' म्हणतात आणि पुढ्यात वाकून 'आई, भंडारा लावा' म्हणतात. व्याकरणाचं त्यांचं काही अडत नाही.

नटाचं वेगळं. 'स्त्रीपार्टी' हा कंपनीतला कामाचा शब्द. ज्यांचं नाव इथल्या नाट्यगृहाला आहे, ते केशवराव भोसले कोवळ्या वयात 'शारदा'तली शारदा करून गाजले. तेच १९२१मध्ये मुंबईत दोन कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त 'मानापमाना'त धैर्यधर झाले, समोर भामिनी बालगंधर्वांची. साडी नेसली म्हणून नटाच्या मनातलं काही ठरत नाही. कागलच्या आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा घ्या. पैलवानी अंगाचा, बायकापोरांचा धनी, नाच्या होतो तो कलेच्या वेडापायी. गाव मात्र त्याच्या हातवाऱ्यांवरून निकाल देऊन मोकळं.

'समलिंगी' हा शब्द मला थोडा दवाखान्यातला वाटतो, पण तो आज लोक स्वतःसाठी वापरतात, म्हणून मान्य. त्याला उघड वावरायलाही वेळच लागला. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच.

एक घोळ वर्तमानपत्रांत रोज दिसतो, तो तुम्ही करू नका. समलिंगी म्हणजे ओढ कुणाकडे. तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणजे माणूस स्वतःला कोण मानतो. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१४चा निकाल दुसऱ्याबद्दल होता, सप्टेंबर २०१८चा, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमावरचा, मुख्यतः पहिल्याबद्दल.

तेव्हा पहिल्या फोटोखाली 'जग घेतलेला जोगता' आणि गाव, साल लिहा. ती व्यक्ती हयात असेल तर 'घेतलेला' का 'घेतलेली', आणि नाव छापायचं का, हे तिलाच विचारा. दुसऱ्याखाली 'स्त्रीपार्टी नट', नाटक, भूमिका. 'क्वीअर' हा शब्द प्रदर्शनाच्या नावात खुशाल घाला, तो तुमचा पाहण्याचा कोन आहे. त्या दोघांच्या नावापुढं मात्र तो चिकटवू नका.