नेव्हीच्या उभ्या विमानाला चाकाजवळ ती वायर कशाला लावलेली असते? वीज पडू नये म्हणून का?

प्रश्न विचारणाऱ्या सरांनी लिहिलंय की नेव्ही डेला शाळेची मुलं घेऊन वास्कोला गेले होते, तिथे उभ्या विमानाच्या चाकाजवळून एक बारीक तार जमिनीतल्या खड्ड्यात गेलेली दिसली, मुलांनी विचारलं ही कशाला, तर ते म्हणाले वीज पडू नये म्हणून, आणि आता त्यांना स्वतःलाच शंका येतेय. वर एका मुलाने म्हणे विचारलं की रबराच्या टायरवर उभं असलेल्या विमानाला करंट लागेलच कसा.

सर, तुम्ही सांगितलेलं थोडं चुकलं, पण काळजी करू नका, मी नेव्हीत एअर इलेक्ट्रिकलला पंधरा वर्षं काढली आणि पहिली दोन वर्षं मलाही असंच वाटायचं. मूळचा मी बांद्याचा, रिटायर झाल्यावर चिखलीला घर केलं आणि आता लोकांच्या बंगल्यांची वायरिंग आणि अर्थिंग करतो, म्हणजे तार काही सुटली नाही. खाली जे लिहितोय त्यात गुपित काही नाही, जगभर हेच चालतं.

अशा तारांना तीन वेगवेगळी कामं असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण बघणाऱ्याला तार एकच दिसते.

पहिलं काम स्टॅटिकचं, म्हणजे विमानावर साठणारा चार्ज जमिनीत सोडायचं. विमान नुसतं उभं असलं तरी त्याच्यावर चार्ज चढतो, वाऱ्याबरोबर धूळ घासत जाते, डोक्यावर ढग येतात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे फ्युएल भरताना, कारण फ्युएल पाइपमधून आणि खास करून बाउझरच्या, म्हणजे फ्युएलच्या टँकरच्या, फिल्टरमधून जोरात जातं तेव्हा ते स्वतःच चार्ज होऊन पुढे येतं. आता हिशोब बघा. समजा विमानाची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, 2000 पिकोफॅरड धरली आणि त्याच्यावर 10,000 व्होल्ट चढले, तर साठलेली एनर्जी होते 100 मिलिज्यूल, आणि फ्युएलची वाफ हवेत बरोबर प्रमाणात मिसळलेली असेल तर ती पेटायला पाव मिलिज्यूलसुद्धा पुरतं. हिवाळ्यात स्वेटर काढून दाराच्या कडीला हात लावला की जी बारीक चटक बसते ना, ती साधारण 3000 व्होल्टच्या वर गेल्याशिवाय आपल्याला जाणवतच नाही, म्हणजे माणसाला जेमतेम कळेल एवढी ठिणगी वाफेला भरपूर झाली.

गोव्यात लोकांना वाटतं इथे एवढी दमट हवा, स्टॅटिक कसलं आलंय. पावसाळ्यात खरंच त्रास नसतो. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी घाटाकडून कोरडा वारा सुटला की टार्मॅकवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, हाताचे केस उभे राहतात आणि तेव्हा कळतं. आणि मे महिन्यात उलटं, स्टॅटिक कमी पण वाफ जास्त, कारण जेट फ्युएल म्हणजे रॉकेलचाच भाऊ, साध्या जेट ए-वनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ होते तो, 38 डिग्री, आणि मेच्या दुपारी दाबोळी विमानतळाचं काँक्रीट त्याच्या वर सहज जातं. जहाजावर म्हणूनच 60 डिग्री फ्लॅश पॉइंटचं वेगळं फ्युएल वापरतात, तिथे आग लागली तर पळायला जागा नसते.

दुसरं काम पॉवरचं, आणि माझ्या मते तार नीट असण्याची खरी गरज इथे आहे. विमान जमिनीवर असताना इंजिन बंद ठेवून चेकिंग करायचं तर बाहेरून ट्रॉलीने सप्लाय देतात, 28 व्होल्ट डीसी किंवा 115 व्होल्ट 400 सायकलचा एसी. ट्रॉलीचा न्यूट्रल विमानाच्या बॉडीला लागलेला असतो. तो कुठे तुटला किंवा ट्रॉलीतच फॉल्ट झाला तर विमानाची अख्खी बॉडी लाइव्ह होऊ शकते, आणि घामाने भिजलेला पोरगा काँक्रीटवर उभा राहून पॅनल उघडत असतो. म्हणून अमेरिकन मिलिटरीच्या ग्राउंडिंग हँडबुकमध्ये दोन आकडे दिलेत, स्टॅटिकसाठीच्या जमिनीतल्या अर्थ पॉइंटला 10,000 ओहमपर्यंत रेझिस्टन्स चालतो, पण पॉवरसाठीचा 10 ओहमच्या आत हवा. पहिल्यांदा वाचलं की माणूस चक्रावतो, हजारपट फरक! पण स्टॅटिकचा करंट असतो मायक्रोअँपमध्ये, दहा मायक्रोअँप 10,000 ओहममधून गेले तर पडतं फक्त 0.1 व्होल्ट, कोणाला काय होणार. तेच 115 व्होल्टचा फॉल्ट 10,000 ओहममधून गेला तर साडेअकरा मिलिअँपच वाहतो, ब्रेकरला कळतसुद्धा नाही आणि बॉडी तशीच लाइव्ह राहते. 10 ओहम असेल तर साडेअकरा अँप जातात आणि बॉडीचा व्होल्टेज खाली ओढला जातो.

आता हे 10 ओहम गोव्यात मिळवणं म्हणजे काय ते माझ्यासारख्या अर्थिंगवाल्याला विचारा. सगळा जांभा. पठारावर दोन फूट खाली गेलं की चिरा लागतो, पावसात हा दगड पाणी पितो आणि रीडिंग मस्त येतं, आणि एप्रिलमध्ये तोच पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, कोरडा पडून रीडिंग कुठल्या कुठे जातं. घराच्या अर्थिंगला आपण जीआय पाइप पुरून कोळसा-मीठ घालतो आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओततो तेच शास्त्र तिथेही. जुलैत टेस्टर लावून सर्टिफिकेट दिलेला पिट खरा नाही असं मी गिऱ्हाईकाला नेहमी सांगतो, मे महिन्यात मोजा. एक पात्रांव, म्हणजे मालक, तर म्हणाले, "अरे, तू पैसे वाढवायला मुद्दाम उन्हाळ्यात येतोस."

तिसरं काम म्हणजे बाँडिंग, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण लोक अर्थिंग आणि बाँडिंग एकच समजतात. फ्युएल भरताना बाउझरची एक तार विमानाला लावतात, ती जमिनीसाठी नसते, ती विमान आणि बाउझर यांचा व्होल्टेज सारखा करायला असते. ठिणगी कधी पडते, दोन वस्तूंमध्ये फरक असेल तेव्हा. दोन्ही 10,000 व्होल्टवर असले तर नोझल आणि टाकीच्या तोंडामध्ये काही होणार नाही, आणि नोझलच्या वेगळ्या चिमट्याचं कारणही तेच, पंखावरून भरताना झाकण उघडायच्या आधी तो लावायचा आणि झाकण बंद झाल्यावरच काढायचा, म्हणजे जी काय ठिणगी पडायची ती वाफेपासून लांब पडेल. अमेरिकेतल्या सिव्हिल फ्युएलिंगच्या एनएफपीए 407 नियमात तर बाँडिंगच मागतात, विमान जमिनीला जोडाच असा आग्रह नाही. आमच्या वेळचे जुने लोक हे ऐकून चिडायचे, पण लॉजिक बरोबर आहे.

आणि हेही सांगून ठेवतो की कुठलीच तार टाकीच्या आतल्या फ्युएलचा चार्ज लगेच काढू शकत नाही. फ्युएल स्वतःच वाईट कंडक्टर, बॉडी झीरोवर असली तरी आतल्या फ्युएलच्या पृष्ठभागावर चार्ज काही वेळ बसून राहतो. त्यासाठी फ्युएलमध्ये कंडक्टिव्हिटी वाढवणारं ॲडिटिव्ह घालतात आणि सुरुवातीला हळू भरतात, वरून धबधब्यासारखं पाडत नाहीत. तार लावली म्हणजे झालं, असं समजणारा माणूस इथेच फसतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो, कुठल्या तळावर ते सोडा. नवा होतो, जमिनीतल्या एका लोखंडी कडीला क्लॅम्प लावला आणि दुसरं टोक विमानाच्या सॉकेटमध्ये खटकन बसवलं, छान दिसत होतं. आमचे चीफ आले, काही बोलले नाहीत, मल्टीमीटर काढला, एक प्रोब क्लॅम्पला आणि दुसरा कडीच्या उघड्या लोखंडाला. ओपन, म्हणजे जोडणीच नाही. क्लॅम्पचे दात पिवळ्या रंगाच्या थरावर बसले होते, एकावर एक चार-पाच वेळा रंग मारलेला, आणि ती कडी मुळात विमान बांधून ठेवायची होती, अर्थ पॉइंट सहा-सात फुटांवर वेगळा होता, त्याच्या खड्ड्यात पाणी आणि सुकलेली पानं. "हे काय, विमानाचं मंगळसूत्र आहे काय, नुसतं घालायला?" एवढंच म्हणाले. नंतर तार हातात दिली आणि म्हणाले बोट फिरव. प्लॅस्टिकचं आवरण नसलेली तार होती, तुटलेली एक बारीक काडी बोटात घुसली. उघडी तार याचसाठी वापरतात, आवरणाखाली समुद्राच्या खाऱ्या हवेने तार कुजली तरी बाहेरून कळत नाही, उघडी असली की तुटलेल्या काड्या आधी हाताला सापडतात.

लावायचा क्रमही त्याच दिवशी डोक्यात बसला. आधी जमिनीचं टोक, मग विमानाचं, काढताना आधी विमानाचं. उलटं केलं की विमानाला जोडलेली चार्ज झालेली तार हातात घेऊन तुम्ही जमिनीवर जागा शोधत फिरता, आणि जिथे टेकवाल तिथे ठिणगी.

हेलिकॉप्टरचं थोडक्यात सांगतो, मुलांना आवडेल. हवेत थांबलेल्या हेलिकॉप्टरवर पंखा फिरून फिरून हजारो व्होल्ट चढतात, म्हणून खाली लोंबणारा हूक कोणी सरळ हाताने पकडत नाही, आधी अर्थ केलेल्या काठीने त्याला शिवतात, आणि समुद्रात बुडणाऱ्याला काढताना हेलिकॉप्टरमधून सोडलेली तार आधी पाण्याला टेकू देतात.

आता त्या टायरवाल्या मुलाचं. मुलगा हुशार आहे, पण विमानाच्या टायरमध्ये काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक भरलेली असते त्यामुळे ते रबर पूर्ण इन्सुलेटर नसतं, काँक्रीटवर स्टॅटिक त्यातून हळूहळू झिरपतं. कोरड्या डांबरावर मात्र भरवसा नाही, आणि पॉवरच्या फॉल्टला तर टायरचा काहीच उपयोग नाही.

राहिला विजेचा प्रश्न. खरी वीज पडली तर हजारो अँप येतात, त्या बारीक तारेच्या जिवावर कोणी विमान सोडत नाही. इथे मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं की फ्युएलिंग बंद, हत्यारं चढवणं बंद, टार्मॅक रिकामा. तार तेवढी लावलेलीच राहते आणि आम्ही सगळे हँगरमध्ये चहा घेत उभे असायचो.