पाळी गेल्यावर डाग दिसला तर? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले जास्त जणींना लागू पडतील ते घेतेय.

माझं वय 61, कोथरूडला राहते. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात पर्वती चढून आले आणि दुसऱ्या दिवशी लाल डाग दिसला, आता थांबलंय. उष्णतेनं झालं असेल का? सब्जा सुरू केलाय. वर्षापूर्वी पॅप स्मीअर नॉर्मल होता.

ताई, याच आठवड्यात गायनॅककडे जाऊन या. पाळी जाऊन वर्ष उलटलं की नंतर दिसलेला एक डागसुद्धा तपासायचाच, गुलाबी असो, तपकिरी असो, एकदाच दिसून थांबलेला असो. उष्णता, पायऱ्या, ताण असं काही कारण धरून घरी बसू नका. अशा दहा जणींत साधारण एकीलाच कॅन्सर निघतो, बाकीच्यांचं बहुतेकदा अस्तर सुकून पातळ झालेलं असतं नाहीतर पॉलिप असतो. पण हा कॅन्सर झालेल्या दहातल्या नऊ जणींना आधी असंच अंगावरून रक्त जातं, म्हणजे शरीर वेळेवर सांगतं आणि आपण 'थांबलं ना' म्हणून सोडून देतो, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

पॅप स्मीअर पिशवीच्या तोंडाचा असतो, आतल्या अस्तराचा नाही, त्यामुळे त्याच्यावर निर्धास्त राहू नका. तुमची आतून सोनोग्राफी करतील. अस्तर 4 मिमी किंवा कमी असेल तर शक्यता फारच कमी, जास्त असेल तर बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं. ती बऱ्याचदा बारीक नळीनं ओपीडीतच होते, पाळीसारखी कळ येते आणि काही मिनिटांत संपतं. आणि सोनोग्राफी चांगली आली तरी परत डाग दिसला तर परत जायचं.

वय 34, वाकड, आयटीत आहे. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे, पाळी चार-पाच महिन्यांनी येते. सोनोग्राफीत अस्तर 14 मिमी आलं, 4 च्या वर म्हणजे कॅन्सर का?

नाही गं. 4 मिमी हा आकडा पाळी गेलेल्यांसाठी आहे, पाळी सुरू असताना अस्तर महिनाभर कमी-जास्त होतच असतं. तुझ्या बाबतीत काळजी वेगळी आहे. बीज सुटत नाही, म्हणून अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन बनत नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच अस्तर वाढवत राहतं. चरबीतूनही इस्ट्रोजेन तयार होतं, म्हणून वजन जास्त असेल तर धोका अजून वाढतो. हे वर्षानुवर्षं चाललं की पेशी बिघडू शकतात. तेव्हा 'पाळी नाही, कटकट नाही' असं समजू नकोस, निदान तीन-चार महिन्यांनी गोळ्या देऊन पाळी आणतात किंवा हार्मोनची कॉपर-टी सारखी वस्तू पिशवीत बसवतात, ती अस्तराला जपते. मधेच किंवा फार जास्त रक्त जात असेल तर तुझ्या वयातही बायोप्सी करतात.

स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमोक्सिफेन चालू आहे, पाळी गेलीय. गोळी बंद करू का?

अजिबात नको. अस्तराचा धोका थोडा वाढतो पण गोळीचा फायदा त्याहून खूप मोठा आहे. त्रास नसेल तर दरवेळी सोनोग्राफीचीही गरज नाही, डाग दिसला की मात्र लगेच सांगा.

आई 64 वर्षांची, हडपसर. बायोप्सीत ग्रेड 1 (सगळ्यात हळू वाढणाऱ्या प्रकारचा) कॅन्सर आलाय, एमआरआयमध्ये पिशवीबाहेर काही नाही. नातेवाईक म्हणतात सुरी लावली की पसरतो, आणि आईला सांगूही नका.

सुरी लावल्यानं पसरतो हे खरं नाही, इथे ऑपरेशन हाच मुख्य इलाज आहे. पिशवी, दोन्ही नळ्या, दोन्ही बीजकोश काढतात, बहुतेकदा दुर्बिणीतून. कॅन्सर पिशवीतच असेल तर दहातल्या नऊहून जास्त जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. पूर्ण रिपोर्ट आल्यावर लागलं तर रेडिएशन. पॅथॉलॉजीवाल्यांना एमएमआर टेस्टचं (पेशींमधली डीएनए दुरुस्तीची प्रथिनं शाबूत आहेत का ते बघणारी) विचारा, विशेषतः घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर, कारण ते आनुवंशिक असू शकतं आणि मग तुमचीही तपासणी लागेल.

आणि आईला सांगा. डाग त्यांनीच पाहिला, बायोप्सीची कळ त्यांनीच सोसली, सहीही त्यांचीच लागणार आहे. पुढच्या व्हिजिटला त्यांना शेजारी बसवा आणि डॉक्टरांना त्यांच्याशीच बोलू द्या.