किलीमांजारोसाठी गाईड कसा शोधावा? बुकिंग करताना काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की थेट एखाद्या गाईडशी बोलून किलीमांजारो करता येईल का, आणि इतके वेगवेगळे दर का दिसतात.

थेट गाईडबरोबर जाता येत नाही. या डोंगरावर परवानाधारक गाईड सक्तीचा आहे आणि परमिट निघतं टांझानियातल्या नोंदणीकृत टूर ऑपरेटरमार्फत. त्यामुळे व्यवहार कंपनीशीच होतो. मोशी किंवा अरुशा या डोंगराजवळच्या शहरांत रस्त्यावर ‘मी गाईड आहे, स्वस्तात नेतो’ म्हणणारा बहुतेकदा कमिशनवरचा दलाल असतो.

कंपनी बघण्याआधी दिवस ठरवा. शिखर ५,८९५ मीटरवर आहे. मारांगू या वाटेचं पाच दिवसांचं पॅकेज सगळ्यात स्वस्त दिसतं, पण तेवढ्यात विरळ हवेची सवय होत नाही आणि बरेच जण शिखराच्या रात्रीच्या चढाईत मागे फिरतात. माचामेची वाट सात दिवसांत किंवा लेमोशोची आठ दिवसांत करा. दोन्हींत लाव्हा टॉवरला सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढून झोपायला बरांकोच्या तळावर, ४,००० मीटरच्या जरा खाली, उतरता येतं. शिखरासाठी हा दिवस फार मोलाचा.

आता दर. उद्यानाची फी सगळ्या कंपन्यांना सारखीच भरावी लागते. अलीकडच्या दरांनी माणशी रोज ७० डॉलर प्रवेश, तंबूसाठी रात्री ५० डॉलर, बचाव फी एकदाच २० डॉलर आणि या सगळ्यावर १८ टक्के व्हॅट. सात दिवस-सहा रात्रींचा हिशोब: ४९० + ३०० + २० = ८१०, व्हॅट धरून सुमारे ९५६ डॉलर. (बुकिंगच्या वेळी ताजे दर बघून हाच हिशोब पुन्हा करा.) एखादी कंपनी सगळं मिळून १,२०० डॉलर सांगत असेल, तर उरलेल्या अडीचशेत गाईड, स्वयंपाकी, माणशी तीन-चार पोर्टर, सात दिवसांचं जेवण आणि गाडी बसवायची आहे. ते बसत नाही. मग कात्री लागते ती पोर्टरच्या मजुरीला आणि जेवणाला. झोपायला त्यांना जेवणाचा तंबू मिळतो, तोही तुमचं आटोपल्यावर. उपाशी, थकलेल्या टीमबरोबर वर जाणं तुमच्यासाठीही धोक्याचंच आहे.

हे तपासायला सोपी जागा आहे. मोशीतली किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट, म्हणजे केपॅप, निकष पाळणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते आणि चढाईवर गेलेल्या पोर्टरांकडूनच मजुरी, जेवण, ओझं यांची माहिती घेते. ओझ्याची मर्यादा २० किलो. मी तरी त्या यादीबाहेर जाणार नाही.

यादीतल्या तीन-चार कंपन्यांना एकच ईमेल पाठवा. डोंगरावर टीम तुमची स्वतःची असते की दुसऱ्या ऑपरेटरला काम देता? मुख्य गाईड कोण, त्याच्या परवान्याचा फोटो मिळेल का, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणतं आणि कधीचं? शिखराच्या रात्री किती जणांमागे एक गाईड? (दोघांमागे एक हवा. एक जण आजारी पडला तर एक गाईड त्याला घेऊन उतरतो आणि बाकीच्यांची चढाई चालू राहते.) ऑक्सिजन सिलिंडर आणि पल्स ऑक्सिमीटर बरोबर असतो का, तपासणी रोज दोनदा होते का? ऑक्सिजन आजाऱ्याला खाली आणण्यासाठी असतो. ‘ऑक्सिजन लावून शिखरावर नेऊ’ असं उत्तर आलं तर ती कंपनी सोडा. गुळगुळीत, मोघम उत्तरं आली तरीही सोडा.

जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत चांगले गाईड लवकर अडकतात, म्हणून चार-पाच महिने आधी हालचाल करा. गाईडचं नाव लेखी घ्या, आणि तो बदलला तर पर्यायी गाईड तेवढ्याच अनुभवाचा असेल हेही लिहून घ्या. आगाऊ रक्कम २०-३० टक्के पुरे. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यावरच जावेत. खातं कुणा व्यक्तीच्या नावाचं असेल तर थांबा. तारीख बदलणं, रद्द करणं, आजारामुळे लवकर उतरावं लागल्यास जादा हॉटेल आणि गाडीचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्याआधी वाचा.

विमा ६,००० मीटरपर्यंतचा हवा. पुष्कळ पॉलिसी त्याच्या बऱ्याच खाली थांबतात आणि हे बारीक अक्षरात असतं. हेलिकॉप्टर बचाव त्यात आहे का आणि आधी फोन करून मंजुरी लागते का, ते विचारा. तो नंबर गाईडलाही द्या, कारण त्या वेळी तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत नसाल.

टिप पॅकेजमध्ये सहसा धरलेली नसते. मुख्य गाईड, सहायक, स्वयंपाकी, पोर्टर यांचे रोजचे अपेक्षित आकडे कंपनीकडून आधीच मागवा आणि ते माणशी आहेत की पूर्ण ग्रुपचे, ते नक्की करा. घोळ बहुधा इथेच होतो. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर रकमा वाचून दाखवा आणि प्रत्येकाच्या हातात वेगळं पाकीट द्या. एकगठ्ठा गाईडकडे दिलेल्या पैशांतून पोर्टरपर्यंत किती पोचले, ते तुम्हाला कळत नाही.