बाळाचे पाय टेकले, म्हणून सीट बदलायची?

प्रश्न : मुलगी दहा महिन्यांची, वजन साडेआठ किलो. तान्ह्या बाळाच्या, मागे तोंड करून बसवायच्या कार-सीटमध्ये तिचे पाय गाडीच्या सीटला टेकतात. पुढे तोंड करून बसणारी सीट घ्यावी का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पुढे तोंड नको, एवढ्यात तर मुळीच नको. पाय दुमडले तरी बाळाला त्रास होत नाही. पाहायचं ते डोकं : सीटच्या वरच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरहून कमी जागा उरली किंवा लेबलवरची वजनमर्यादा भरली, की सीट बदला. या वयात मान नाजूक असते. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेली सीट डोकं, मान, पाठ एकत्र सावरते. आर१२९ या मुलांच्या कार-सीटच्या सुरक्षा मानकातही पंधरा महिन्यांआधी पुढे तोंड चालत नाही.

यानंतरची सीट दोन्हीकडे तोंड करता येणारी घ्या, पण आधी आपल्याच गाडीत बसवून पाहा. गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांमधल्या फटीत बोटं घाला. दोन कडक लोखंडी कड्या लागल्या तर आयसोफिक्स, म्हणजे पट्ट्याशिवाय सीट थेट गाडीला अडकवायची सोय, आहे. नसेल तर गाडीच्या पट्ट्याने बसणारी निवडा. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हवेत. चिमटीत पट्टा आला तर तो सैल आहे. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली सीट कधीही लावू नका.